शेवटच्या गाडीचं भौतिकशास्त्र

जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत उन्हाळी संशोधनासाठी गेलेला विद्यार्थी खरं संशोधन शनिवार-रविवारी करतो. सोमवार ते शुक्रवार तो तिथे नुसता कामाला जातो, असं माझं ठाम मत आहे. घरातले दिवे गेले की शेजाऱ्यांकडे आहेत का हे गॅलरीतून वाकून पाहण्यापाशी ज्याचं भौतिकशास्त्र संपतं, त्याने सर्नबद्दल मत देऊ नये, असं कुणी म्हणेल. म्हणो. मूलकणांबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. मी आगगाड्यांबद्दल बोलणार आहे, आणि त्या विषयात मुंबई-पुण्याच्या माणसाकडे कुणी पदवी मागत नाही. शिवाय माझं म्हणणं पुराव्यावर उभं आहे, आणि त्यातला सर्वांत भक्कम पुरावा खुद्द सर्नच्याच एका यंत्राने दिलेला आहे. साक्षीदाराला त्याच्या वेळी बोलावू. आधी खटला समजून घ्या.

सर्नची स्थापना १९५४ची, आणि उन्हाळी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम १९६२पासूनचा. दर वर्षी जगभरातून निवडलेली तीनशेच्या आसपास मुलंमुली तिथे येऊन थडकतात आणि दोन-तीन महिने राहतात. सकाळी व्याख्यानं, नंतर आपापल्या गटात काम. पायाखाली सुमारे शंभर मीटरवर २७ किलोमीटर घेराचा बोगदा, त्यात उणे २७१ अंशांपर्यंत गारठवलेले चुंबक, आणि ते चुंबक तोलून धरणारे सात हजारांहून अधिक जॅक भारतातून आलेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तिथल्या सीएमएस शोधकाचा एक थर बांधला आहे. आवारात भारताने दिलेला दोन मीटर उंचीचा नटराज २००४पासून उभा आहे, आणि भारत २०१७पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. इतक्या थोर जागी आपल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतं काय? एका शोधकाच्या एका कोपऱ्यातल्या एका चाचणीचा आलेख वाकडा येतो, तो सरळ का येत नाही ते शोधायचं. लार्ज हॅड्रॉन कोलायडर या ज्या यंत्राला १९९४ साली मंजुरी मिळाली, ज्यात पहिला किरण १० सप्टेंबर २००८ला फिरला आणि जे नवव्या दिवशी हेलियमच्या गळतीने वर्षभराहून अधिक काळ बंद पडलं, त्याच्या कालगणनेत आठ आठवडे कुठे बसवायचे? मोठ्या लग्नात दहा वर्षांच्या भाच्याच्या हाती मिठाचं भांडं देऊन त्याला पंगतीतून फिरवतात, तसं हे काम आहे. मिठावाचून पंगत अडते हे खरं. पण लग्न आपण लावलं, असं भाच्याने समजू नये.

यावर लगेच आक्षेप येईल की विज्ञान असंच कणाकणाने पुढे जातं. मान्य. वाकडे आलेख सरळ झाल्याशिवाय हिग्ज बोसॉन सापडला नसता, आणि ४ जुलै २०१२ला ती घोषणा ऐकायला सर्नच्या सभागृहाबाहेर तरुण मंडळी रात्रभर बसली नसती. पण माझा मुद्दा कामाच्या मोलाचा नसून मालकीचा आहे. संशोधनाला तीन गोष्टी लागतात असं मी धरून चालतो: उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न, तो तपासण्याची स्वतः बेतलेली रीत, आणि निकाल फसला तर खापर फोडायला दुसरं डोकं नसणं. आठवड्याच्या कामात प्रश्न मार्गदर्शकाचा असतो, रीत गटाची असते, आणि प्रोग्रॅम तीन वर्षांपूर्वी कुणी लिहिलेला असतो, जो आता बँकेत नोकरी करतो आणि ईमेलला उत्तर देत नाही. खापरासाठी डोकी मुबलक. या तिन्ही अटी एकदम पुऱ्या होतात त्या शुक्रवारी संध्याकाळी, जेव्हा पाच देशांतली पाच मुलं उपाहारगृहाच्या गच्चीवर बसतात, दूरवर माँ ब्लाँ दिसत असतो, आणि कुणीतरी म्हणतं, उद्या कुठे जायचं?

पर्याय पुष्कळ आहेत, आणि ते सगळे महाग आहेत. जिनिव्हाचं कारंजं १४० मीटर उडतं. ते लांबून दिसतं आणि फुकट आहे, म्हणून मला ते युरोपातलं सर्वोत्तम प्रेक्षणीय स्थळ वाटतं. शामोनीहून रोपवेने ३८४२ मीटरवर चढता येतं, आणि तिकिटाचा दर पाहिल्यावर दम उंचीमुळे लागतो की दरामुळे हे सांगता येत नाही. फ्रान्समधल्या फेर्नेला व्होल्तेअर जवळजवळ वीस वर्षं राहिला. सरहद्दीला खेटून घर घेतलं की एका बाजूचं सरकार रागावलं तर दुसऱ्या बाजूला सटकता येतं, हा त्याचा हिशेब होता. आज विद्यार्थी तीच सरहद्द दूध आणि अंडी स्वस्त मिळतात म्हणून ओलांडतात. जुराच्या डोंगरावर चढायला पैसे पडत नाहीत, फक्त गुडघे लागतात. स्विस फ्रँक दिसला की शंभराने गुणायचं, ही माझी खोड नव्हे, संस्कार आहे. मराठी माणूस परदेशात कुठलीही वस्तू आधी गुणतो आणि मग पाहतो, आणि गुणाकार झाल्यावर बहुतेक वस्तू पाहायच्या राहत नाहीत. म्हणून जुलैत सगळ्या चर्चांचा शेवट एकाच ठिकाणी होतो: माँत्रो. जिनिव्हाच्या तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, गाडीने तासाभरावर. तिथे १९६७पासून जॅझ महोत्सव भरतो. मोठ्या सभागृहाचं तिकीट गुणाकारात मरतं, पण काठावरच्या बागेत संगीत फुकट असतं. प्रश्न ठरला: कार्यक्रम संपल्यावर शेवटची गाडी मिळते का?

ती मिळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या प्रयोगाचं महत्त्व निकालात नसून चुकांच्या विश्लेषणात आहे. गृहीतक असतं, की स्टेशन दहा मिनिटांवर आहे. हे दुपारी मोजलेलं असतं, आणि दुपारी ते खरंच असतं. पण माँत्रो गाव तळ्याच्या उतारावर वसलेलं आहे; स्टेशन वर, संगीत खाली. दुपारी पाय उतरत होते. रात्री त्यांना चढायचं आहे, खाली येणाऱ्या गर्दीतून वाट काढत, पोटात सहा फ्रँकचा एक बटाट्याचा पदार्थ घेऊन. सोमवारच्या व्याख्यानात सिस्टिमॅटिक एरर म्हणजे काय हे ज्यांनी वहीत उतरवून घेतलं, तेच शनिवारी एका दिशेने घेतलेलं मोजमाप दुसऱ्या दिशेला बिनदिक्कत लावतात. शिवाय पाचही जणांची उपकरणं वेगळी. एकाचा मोबाइलमधल्या ॲपवर विश्वास, दुसरीचा स्टेशनवरच्या पिवळ्या वेळापत्रकाच्या फोटोवर, तिसऱ्याचा दुसरीवर. चौथा स्वच्छतागृहाच्या रांगेत. पाचवी म्हणते, हे एवढं एक गाणं झालं की निघू या. असे पाच स्वतंत्र अंदाज एकत्र केले की सरासरी सुधारते, असं संख्याशास्त्र सांगतं. संख्याशास्त्राने स्वच्छतागृहाची रांग कधी पाहिलेली नसते.

त्यातही या पाचांतल्या पुण्याच्या मुलीची अडचण वेगळी आणि खास आपली आहे. तिचा कान हिंदुस्थानी मैफलीवर जुळलेला. आपल्याकडे मैफल संपल्याची खूण निःसंदिग्ध असते: गायकाने भैरवी घेतली की संपलं. भैरवीचे सूर लागले की श्रोत्यांचा एक डोळा व्यासपीठावर आणि दुसरा चपलांवर जातो. कुणी हळूच पिशवी भरतं, कुणी रिक्षा मिळेल का याचा विचार करू लागतं. भैरवीनंतर कुणी पुन्हा माइक हातात घेतला तर लोक चमकून पाहतील. जॅझमध्ये भैरवी नाही. तिथे कलाकार शेवटचं गाणं म्हणून एक गाणं वाजवतात, वाकून नमस्कार करतात, आत जातात, लोक टाळ्या थांबवत नाहीत, ते परत येतात आणि आधीच्या शेवटच्या गाण्याहून लांब असं दुसरं शेवटचं गाणं सुरू करतात. त्यात ड्रमवाल्याचा एकल भाग असतो, आणि तो कधी संपेल हे ड्रमवाल्यालाही ठाऊक नसतं. माझा स्वतःचा कान असा, की बासरी आणि कुकर यांतला फरक मला मुख्यतः वासावरून कळतो. तरीही अंताची खूण नसलेलं संगीत शेवटच्या गाडीच्या माणसाने ऐकू नये, एवढं मलाही समजतं. पुण्यात १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चालायचा, आणि त्या काळी शेवटची गाडी हा प्रश्नच उद्भवत नसे. उजाडलं की पहिली बस. ध्वनिक्षेपकाच्या कायद्याने रात्र कापली, आणि आपल्या रसिकालाही घड्याळ पाहण्याचा रोग जडला.

घड्याळाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मला त्याचा राग आहे. स्विस स्टेशनांवरचं पांढरं, जाड काळ्या खुणांचं घड्याळ हान्स हिलफिकर या अभियंत्याने १९४४ साली बेतलं. पुढे त्याला लाल सेकंदकाटा आला, गार्डाच्या हातातल्या सिग्नलच्या तबकडीच्या आकाराचा. हा काटा साठ सेकंदांचा फेरा सुमारे साडेअठ्ठावन्न सेकंदांतच उरकतो आणि बारावर येऊन थबकतो. मध्यवर्ती घड्याळाकडून मिनिटाचा इशारा आला, की मिनिटकाटा टणकन पुढे सरकतो आणि लाल काटा पुन्हा निघतो. देशातली सगळी घड्याळं एकसारखी चालावीत म्हणून केलेली ही युक्ती अभियांत्रिकी म्हणून सुरेख आहे, पण धावत जिना चढणाऱ्या माणसाची ती चेष्टा आहे. घड्याळ थांबलेलं दिसतं. आशा पालवते. वाटतं, काळालाच दया आली. दीड सेकंदाने काटा हलतो, दार बंद होतं, आणि गाडी कसलाही आवाज न करता निघून जाते. आवाज न करणं तर फारच झोंबतं. आपली गाडी चुकते तेव्हा निदान शिट्टी होते, कुणी ओरडतं, दारातला एखादा हात पुढे करतो. तिथे बंद दाराच्या काचेतून आतले लोक शांतपणे पुस्तक वाचताना दिसतात.

आणि मग लक्षात येतं की दोष द्यायला कुणीच नाही. गाडी वेळेवर सुटणं ही किती असामाजिक गोष्ट आहे, याचा विचार आपण करत नाही. मध्य रेल्वेवर गाडी रखडली की फलाटावरची अनोळखी माणसं पाच मिनिटांत एक होतात. रेल्वेला शिव्या घालतात, सरकारला घालतात, एकमेकांना शेंगदाणे देतात. दिलगिरीची घोषणा होते आणि तिच्यावर सगळे मिळून हसतात. घरी उशिरा पोचलेल्या माणसाला ‘गाडी लेट होती’ एवढं म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. शेकडो संसार या एका वाक्यावर उभे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये हे वाक्यच उपलब्ध नाही. गाडी तिच्या वेळेला होती. तुम्ही तुमच्या वेळेला नव्हता. म्हणजे संशोधनाची माझी तिसरी अट, खापर फोडायला दुसरं डोकं नसणं, फलाट क्रमांक एकवर, मध्यरात्रीनंतर, शंभर टक्के पुरी होते. इतकी स्वच्छ प्रयोगशाळा सर्नलाही बांधता आलेली नाही. तिथे २०१६ साली एका मुंगसाएवढ्या प्राण्याने ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरून यंत्र बंद पाडलं, आणि दोष त्या बिचाऱ्याच्या नावावर गेला.

पुढचे चार तास म्हणजे निकालाचं वाचन. पंचविशीच्या आतल्यांसाठी अलीकडच्या वर्षांत एक स्वस्त पास निघाला, फक्त रात्री चालणारा. गटातल्या ज्याने तो घेतला, त्याला पहाटेची गाडी पासची वेळ संपल्यावरची असेल तर काय होतं याचं उत्तर त्या क्षणी मिळतं, आणि ते तिकिटाच्या दराएवढं असतं. फलाटावरच्या यंत्रात चॉकलेट आहे. गुणाकार केल्यावर नाही. तळ्यावरचा वारा जुलैतही जुलैसारखा वागत नाही. तेवढ्यात मोबाइल वाजतो. स्वित्झर्लंडमध्ये दीड वाजला आहे म्हणजे महाराष्ट्रात पाच. आई उठली आहे, चहा ठेवलेला आहे, आणि तिने विचारलं आहे, ‘पोचलीस का गं?’ मुलगी उत्तर देते, ‘हो.’ यात खोटं काही नाही. ती माँत्रोला पोचलेलीच आहे. आई लिहिते, ‘झोप आता, दगदग करू नकोस.’ या एका ओळीवर आतापर्यंतची सगळी चेष्टा मला आवरती घ्यावी लागते. साडेतीन तासांच्या अंतरावरून, कारंजं, कण किंवा जॅझ यांतलं काहीही न पाहिलेली एक बाई, मुलीचा दिवस संपला आहे याची खात्री करून घेऊन मगच स्वतःचा सुरू करते. मुलगी मोबाइल खिशात ठेवते, आणि पाचही जण चालत पुन्हा तळ्याकाठी जातात, कारण बसून थंडी वाजते.

काठावर फ्रेडी मर्क्युरीचा पुतळा आहे, एक हात वर उंचावलेला, १९९६पासून तळ्याकडे तोंड करून. बाकीच्या चौघांच्या लेखी तो क्वीनचा गायक. पुण्याच्या मुलीला मात्र सांगता येतं, की हा झांझिबारच्या पारशी घरात जन्मला, फारुख बलसारा हे त्याचं नाव, आणि हा शिकला आमच्या पाचगणीत. आठ-नऊ वर्षांचं पोर बोटीने आणून तिथल्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं होतं, आणि त्याचा पहिला बँड शाळेतल्याच मुलांचा होता. घरापासून एवढं लांब ठेवलेल्या त्या मुलाला पोचलास का म्हणून विचारायला तेव्हा मोबाइल नव्हता. पुढे त्याच्या बँडने माँत्रोतला एक स्टुडिओच विकत घेतला, आणि आयुष्याच्या अखेरीला तो तिथे गात राहिला. शेवटची गाडी मिळाली असती तर हा पुतळा दुपारच्या गर्दीत, सेल्फीच्या रांगेत, अर्ध्या मिनिटात उरकला असता. पहाटे तीन वाजता तो पाच जणांचा असतो आणि त्याच्याबद्दल बोलायला वेळ असतो. चुकलेल्या गाडीच्या जमेच्या बाजूला मी हे मांडतो.

आता माझा मुख्य साक्षीदार. लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या आधी त्याच बोगद्यात एलईपी नावाचं यंत्र होतं, १९८९ ते २०००. झेड कणाचं वस्तुमान अत्यंत बारकाईने मोजणं हे त्याचं काम; पण किरणांची ऊर्जा स्थिर राहीना. शोधाअंती १९९२ साली सिद्ध झालं की चंद्र जबाबदार आहे. समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही येते, आणि तिने २७ किलोमीटरचा घेर एखाद्या मिलिमीटरने बदलतो. मग तळ्याच्या पाण्याची पातळीही दोषी ठरली. तरी एक कुरबुर उरलीच: दिवसभर चुंबकीय क्षेत्र थरथरायचं, आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत गप्प बसायचं. १९९५ साली उलगडा झाला. जिनिव्हाहून पॅरिसला जाणाऱ्या वेगवान गाड्यांच्या रुळांतून वीज जमिनीत झिरपत होती, नदीच्या वाटेने बोगद्यापर्यंत येत होती आणि यंत्राच्या नळीतून वाहत होती. मध्यरात्री गाड्या थांबल्या की यंत्र शांत. म्हणजे जगातल्या सर्वांत काटेकोर यंत्राला शेवटची गाडी केव्हा सुटते हे माहीत होतं! आणि तिची वेळ हिशेबात धरल्याशिवाय त्याला झेड कण नीट तोलता आला नाही. चंद्र, तळं आणि आगगाडी या तीन गोष्टी शनिवार-रविवारच्या मानून बाजूला ठेवल्या होत्या. त्या मोजमापाचाच भाग निघाल्या. याच यंत्रात १९९६ साली किरण फिरेना म्हणून नळी उघडली, तर आत बियरच्या दोन बाटल्या निघाल्या. त्यांवरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही.

संगीताला मात्र अजून न्याय मिळायचा आहे. संगीत हा संशोधनातला विरंगुळा, असं म्हणणाऱ्यांनी सर्नचाच इतिहास पाहावा. तिथल्या संगीत क्लबचा उन्हाळ्यात हार्ड्रॉनिक नावाचा महोत्सव होतो. दिवसा शोधक जुळवणारे रात्री गिटार जुळवतात. रात्रपाळीत अडकलेल्या भौतिकशास्त्रज्ञाच्या एकट्या पडलेल्या मैत्रिणीची तक्रार गाण्यात मांडणारा ‘ले ऑरिब्ल सर्नेत’ हा मुलींचा बँड तिथलाच. १९९२च्या महोत्सवात त्यांचा एक फोटो काढला गेला, आणि सर्नमध्येच जन्मलेल्या वर्ल्ड वाइड वेबवर चढलेल्या अगदी पहिल्या फोटोंत तो गणला जातो. भौतिकशास्त्रज्ञांना दस्तऐवज पाहता यावेत म्हणून उभारलेल्या व्यवस्थेवर सुरुवातीलाच नटूनथटून उभ्या असलेल्या चार गायिका आल्या. मनुष्यजातीने पुढे इंटरनेटचं काय केलं, याचं इतकं अचूक भाकीत दुसऱ्या कुणी केलेलं नाही. माँत्रोचंही तेच. ४ डिसेंबर १९७१ला फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर उडवला आणि कसिनो जळून गेला. डीप पर्पल हा बँड तिथेच आपली तबकडी ध्वनिमुद्रित करायला आला होता. जागा गेली, बेत फसला; तळ्यावर पसरलेला धूर पाहून त्यांनी ‘स्मोक ऑन द वॉटर’ रचलं, आणि आज नवी गिटार घेतलेलं प्रत्येक पोर शेजाऱ्यांना त्याचेच सुरुवातीचे सूर ऐकवतं. बेत पार पडला असता तर हे गाणं नसतं. शेजारी सुखी असते, हा आक्षेप मला मान्य आहे.

याहून गंभीर आक्षेप दोन आहेत. पहिला: गाडीच चुकवायची तर कसारा लोकल चुकवा, जिनिव्हापर्यंत जायचं कशाला? उत्तर सोपं आहे. कसाऱ्याला मामा असतो. तो नसला तर मामाचा मित्र असतो, आणि तो मोटारसायकल घेऊन येतो. आपल्या देशात कुठल्याही स्टेशनापासून पाच किलोमीटरच्या आत कुणाचे तरी मेहुणे राहतात, त्यामुळे प्रयोग पुरा होतच नाही. कण फिरवायला जशी निर्वात नळी लागते, तशी माणूस घडायला नातेवाईकविरहित पोकळी लागते, आणि ती निर्माण करणं अतिशय खर्चाचं काम आहे. दुसरा आक्षेप: हे आपल्याकडेही चालतं, अभियांत्रिकी महाविद्यालयांची औद्योगिक भेट नेमकी गोव्याच्याच वाटेवरच्या कारखान्याला असते, एक तास कारखाना आणि तीन दिवस समुद्र. फरक असा, की त्या सहलीत सर असतात, आणि सर डोकी मोजतात. बस सुटण्यापूर्वी मोजतात, जेवणानंतर मोजतात, किनाऱ्यावर मोजतात. डोकी पुरी भरली की सहल यशस्वी.

या मोजणीचा मात्र मला मनापासून संताप येतो. हजेरीचे पंचाहत्तर टक्के, क्लासची चाचणी, मोबाइलवरून घरी चोवीस तास कळणारा ठावठिकाणा: एकविसाव्या वर्षापर्यंत आपण मुलाला एकदाही हरवू देत नाही. मुलीला तर नाहीच नाही. तिच्याबाबत आपण काळजी हा शब्द वापरतो आणि दार लावून घेतो. आणि मग त्याच मुलांकडून अशी अपेक्षा करतो, की ज्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही, तिथे त्यांनी धीटपणे एकट्याने चालत जावं. प्रज्ञा आपल्याकडे भरपूर आहे. पहाटे तीनला अनोळखी गावात, कुणाला फोन न करता, आता काय करू या, असा विचार शांतपणे करण्याची सवय नाही. ती प्रवेशपरीक्षेत तपासली जात नाही, आणि सर्नच्या सकाळच्या व्याख्यानांतही शिकवत नाहीत. ती फलाटावर मिळते, फुकट. तिचा गुणाकारही करावा लागत नाही.

राहिला प्रश्न करदात्यांच्या पैशांचा. शनिवारचं तिकीट विद्यार्थ्याच्या भत्त्यातून निघतं, आणि रविवारी दुकानं बंद असल्याने तो उपाशी राहून ते भरूनही काढतो. विमानतळावरचं दुकान तेवढं उघडं असतं, म्हणून कुठेही न जाणारी मुलं दूध आणायला विमानतळावर जातात. सोमवारी सगळे पुन्हा आलेखापुढे बसतात, आणि माझा अंदाज असा, की वाकडेपणाचं कारण शोधताना आता ते आधी खिडकीबाहेर पाहतात. मग दर शनिवारी गाडी चुकवावी का, असं कुणी विचारेल. नाही. प्रयोग पुन्हा करून तसाच निकाल यायला हवा, ही विज्ञानाची अट आहे, म्हणून दुसऱ्यांदा चुकलेली गाडीही मी संशोधनातच धरतो. तिसऱ्यांदा चुकली तर त्याला संशोधन म्हणत नाहीत. आणि चौथ्यांदा चुकली तर त्या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्र सोडावं आणि ड्रम शिकावा.